जोडीदाराची झोप

फोन उचलला की भाऊ आधी कुजबुजत, "हळू बोला सिस्टर." मी तोंड उघडायच्या आतच. आमचे बाकीचे माजी सैनिक फोनवर कानठळ्या बसतील असे बोलतात.

मी चंद्रपूरला बसून निवृत्त जवानांची झोप पाहते. गादीखाली एक पातळ पट्टी असते, ती श्वास आणि हृदयाचे ठोके आमच्या पडद्यावर पाठवते. जिवतीच्या डोंगरात एकटे राहणाऱ्या या भाऊंचं हृदय दुबळं होतं. झोप नीट झाली नाही तर धोका आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पडद्यावर मात्र सगळं आलबेल.

"छान झोपलात की भाऊ," मी सकाळी म्हणायची.

"मी कायले झोपू? पाळी त्याची होती."

जोडीनं पहारा द्यायचा, एकानं झोपायचं, दुसऱ्यानं जागायचं, ही त्यांची फौजेतली रीत. त्यांचा जोडीदार बर्फात गेला होता, तोही झोपेतच, भाऊ पहाऱ्यावर असताना. म्हातारा थट्टा करतोय, असं मी धरून चालले. तुम्हीही तेच केलं असतं.

एकदा तपासणीच्या गाडीतून त्यांच्याकडे गेले. भर दुपारी दारात खुर्ची टाकून ताठ बसले होते, डोळे लाल. नाडी धरली तर अडखळत होती, मधेच एखादा ठोका गाळत होती. मोबाइलवर पट्टीची त्या क्षणाची नोंद उघडली. ठोके संथ, एकसारखे. आत खाटेवर कोणी नव्हतं.

पट्टी बिघडली असेल म्हणून नवी घातली. ठोके तेच.

"त्यांना उठवा आणि तुम्ही पडा," मी बोलून गेले.

"उठवाचं नसते. थकून हाये तो. पाळी आली का उठन." माझा चेहरा पाहून हसले. "भेऊ नका. चांगला मानूस हाये."

मला त्यांचा लळा लागला होता. त्यांनी एकदा पाठ टेकावी, एवढंच मला हवं होतं.

पुढे एका सकाळी नोंदीत पहिल्यांदाच 'खाट रिकामी' दिसलं. त्यानंतर कोणीतरी आडवं झालेलं. हे ठोके अडखळणारे होते. मी लगेच ओळखले. ते विरळ होत होत थांबले होते.

शेजारी सांगत होते, भाऊ खाटेवर शांत निजलेले सापडले. पांघरूण गळ्यापर्यंत, चारी बाजूंनी नीट खोचलेलं.

पट्टी आणायला गेले तेव्हा खुर्ची दारातच होती. ती हलवायला कोणी धजत नव्हतं. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि हळू आवाजात विचारलं, "आत जाऊ का?"