सोन्याचं पहिलं दर्शन

सराफ बाजारातली दुकानं उघडायच्या आत केरू झारेकऱ्याची झाडलोट आटोपलेली असे. दुकानांपुढची, गटारातली माती पाटीत भरायची, गोदावरीवर नेऊन धुवायची आणि सोनारांच्या हातून निसटलेला सोन्याचा कण त्या चिखलातून काढायचा, हा त्याचा पिढीजात धंदा. लोक हसत. केरूही हसे. म्हणे, तुम्ही सोनं अंगावर घालता, आम्ही तुमच्या पायाखालचं उचलतो.

धुऊन उरलेल्या काळ्या रेतीत तो पारा घोळवी. पारा सोन्याला बिलगतो. मग फडक्यातून पिळून राहिलेली करडी गोळी पळीत घालून चुलीवर धरायची. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं मागे राहतं. हे काम घरात, दार-खिडकी लावून व्हायचं, कारण सोनं चारचौघांना दाखवायचं नसतं. आणि केरूच्या घरची रीत अशी, की गोळी पिवळी झाली की तिचं पहिलं दर्शन घरच्या लेकीनं घ्यायचं. लेक म्हणजे लक्ष्मी. म्हणून नव्वद साली जन्मलेली अंजली चालायला लागली तेव्हापासून चुलीला अगदी लागून तिचा पाट मांडला जाई. गोळी उजळली की पोर टाळ्या पिटे. केरूला सोन्यापेक्षा त्या टाळ्यांचंच अप्रूप जास्त. त्याची बायको सुलाबाई म्हणायची, बापानं लेकीला नुसतं डोक्यावर चढवून ठेवलंय. खरंच होतं ते.

सातवीत अंजलीचे हात थरथरायला लागले. अक्षर धड उमटेना, पेला ओठांपर्यंत जाईतो निम्मं पाणी सांडे. दृष्ट काढून झाली, अंगारे झाले, कळवणकडचा एक वैद्यही झाला. शाळा सुटली आणि पोरगी हळूहळू गप्प होत गेली.

२००४ च्या सुमारास एका संस्थेच्या डॉक्टरीणबाई वस्तीत आल्या. जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून पाऱ्याबद्दल सरकारांना सल्ला दिला होता, तो त्या चित्रं दाखवून साध्या मराठीत सांगत होत्या. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, ती बंद खोलीत साठते, मेंदूला आणि नसांना लागते. पोरांना तर जवळ फिरकूसुद्धा देऊ नका. सल्ला सोन्यासारखा होता. फक्त या गल्लीत पोचायला त्याला अंजलीचं अख्खं बालपण लागलं.

सगळे उठून गेल्यावर केरूनं विचारलं, पोरीचं हे पाऱ्यानंच झालं का. बाईंनी अंजलीला तपासलं. मग केरूला बाजूला घेऊन म्हणाल्या, लक्षणं तशीच आहेत. थरथर थोडी कमी होईल कदाचित, पण गेलेलं सगळं परत येईल असं सांगता येत नाही.

त्यानंतर केरू पळी आणि पारा घेऊन नदीपल्याड मोकळ्या रानात जाऊ लागला. अंजलीनं तिकडे यायचं नाही, असं बजावलं. का, ते मात्र सुलाबाईलाही सांगितलं नाही. जीभच उचलेना.

दसऱ्याला तो निघाला, तर अंजली दारात उभी.

"आबा, आजारी पडले म्हणून मी सोन्याचं दर्शन घेतलेलं चालत नाय का आता?"

केरूला आधी कळलंच नाही.

"अपशकुनी झाले ना मी?"

इतके महिने पोर हे मनात घेऊन बसली होती. तिला जपायला म्हणून त्यानं दूर ठेवलं, आणि तिला वाटलं आपण नकोशा झालो. केरू उंबऱ्यावर बसला. वाफ, बंद दार, तो पाट, सगळं त्यानं सांगून टाकलं. आतून ऐकणाऱ्या सुलाबाईनं तोंडात पदर कोंबला.

"तुझं काहीच चुकलं नाय, बाय," केरू म्हणाला. "मीच तुला दर वेळी विषापाशी बसवत होतो."

अंजली त्याचे डोळे पुसू लागली. हात नेमका डोळ्यांवर जाईना, गालावर, नाकावर लागत होता.

"रडू नका आबा," ती म्हणाली. "मला तिथं बसायला लय आवडायचं."