डाव्या हाताचा विळा

मला लहानपणापासून नसत्या चौकशा फार. गावातल्या कोणत्या म्हशीचं शिंग कशानं मोडलं, हेसुद्धा मला माहीत पाहिजे असे. पण एका गोष्टीचा छडा चाळिशी आली तरी लागला नव्हता. मी डावखुरी कोणावर गेले? बाबा उजवे, आई उजवी, दोन्ही भाऊ उजवे. आत्या, मावश्या, मामा, सगळ्यांना मी लग्नाच्या पंगतीत एकेक करून निरखलं होतं. एकही डावा सापडला नाही. बाबा म्हणत, "हिले बाजारातून आनली, तवा डावं-उजवं पाहाचंच राहून गेलं."

आईला यात गंमत वाटत नसे. मी डाव्या हातानं घास उचलला की ती जुन्या लुगड्याचा फाडलेला काठ घेई, माझं मनगट पाठीमागे बांधी आणि मगच ताट वाढी. शाळेत जाईपर्यंत मी जेवायला उजवी झाले. लिहायला, केस विंचरायला आणि भावांना बुकलायला डावीच राहिले. शेवटी 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' म्हणून तिनं माझा नाद सोडला.

गेल्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत मी शिकवते त्या शाळेतून चार दिवसांची रजा काढली आणि पाच वर्षांच्या लेकीला घेऊन वाशीमहून गावी गेले. आमचं गाव अनसिंगजवळ. लेक डावखुरी. ती कोणावर गेली, हे विचारायचं कारण नव्हतं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? पहिल्याच जेवणाला आईनं पाण्याचा पेला तिच्या उजव्या अंगाला सरकवला आणि "उजवा" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातात तसाच लुगड्याचा काठ होता आणि लेकीचं मनगट पाठीमागे.

मी ती गाठ ओढून सोडली. "हिचा हात बांधाचा नाई. पुन्हा बांधला तं आमी चाललो वाशीमले."

"तुले सासरी काय काय आयकाव लागलं, मले मालूम नाई काय?" आई म्हणाली. "तेच हिच्या नशिबी देतं?"

ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. तिनं काठ खुंटीला अडकवला. फेकला नाही, हे मी पाहून ठेवलं.

त्या दिवशी सोंगणीला बाया कमी पडल्या, म्हणून मीही शेतात गेले. घरचा विळा घेतला आणि झाडं काही कापली जाईनात, नुसती मुळासकट उपटून येत. विळ्याची धार एकाच अंगानं काढलेली असते, उजव्या हातासाठी. डाव्यात धरला की ती उलटी पडते. बाया हसून बेजार. दुसऱ्या दिवशी अनसिंगला गेले आणि आमच्या घरची अवजारं वर्षानुवर्षं करणाऱ्या लोहारचाचांना म्हटलं, "चाचा, मले डाव्या हातचा विळा पाह्यजे. जमते काय?"

"काहून नाई जमत? एक तं तुमच्या घरीच असंन."

"आमच्या घरी? कोनाचा?"

"तुह्या मायचा. लगन होऊन आली, त्या सालची गोष्ट हाये. उजव्या हातानं सोंगाले गेली अन डाव्या हातचं बोट कापून घेतलं. चिंधी बांधूनच आली इथं. म्हने, चाचा, डाव्या हातचा बनवून द्या, पन घरी सांगू नोका." चाचांनी हातोडा खाली ठेवला आणि हसले. "या अल्ला, आता मीच सांगून देल्लं."

विळा होईपर्यंत मी तिथेच बसले आणि एकेक गोष्ट आठवत गेले. आईच्या डाव्या तर्जनीवर पांढरा वण आहे. तो विळीवर भाजी चिरताना झाला, असं तिनं मला सांगितलं होतं. सोंगणीला ती नेहमी धुऱ्याकडची, बांधालगतची अगदी कडेची पात धरी. मला वाटे, तिला बायांची बडबड आवडत नाही. आणि मी शेतात जायची ती भाकरी घेऊन, म्हणजे सगळ्या जेवायला बसल्यावर. आयुष्यभर मी डावखुरं माणूस शोधलं तेही पंगतीत, जिथे प्रत्येक जण उजवाच असतो. माझ्या हुशारीची मला लाज वाटली.

घरी आले तेव्हा आई अंगणात एकटीच तूर पाखडत होती. मी विळा तिच्यापुढे ठेवला. तिनं तो उचलला. डाव्या हातानं. अंगठ्यानं धार पाहिली, मूठ आवळून पाहिली. "मूठ बारीक केली त्यानं," ती म्हणाली. मग विळा कोणत्या हातात आहे ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं मान वर केली नाही.

मला एकच विचारायचं होतं. ती तिच्या आईचं, म्हणजे माझ्या आजीचं नाव घेईल, असं मी धरून चालले होते, आणि आजीवर रागवायची माझी तयारीही झाली होती.

"माय, तुहा हात कोनं बांधला होता व?"

"कोनी नाई." ती विळ्याकडेच पाहत होती. "मीनंच. लगन ठरलं, मंग रोज जेवतानी मागं बांधून घेत जाओ. एका हातानं गाठ बसे नाई, तं दातानं वढो."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. रडू आलं ते मी लपवलं नाही. तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.

संध्याकाळी लेक जेवायला बसली आणि सवयीनं डावा हात ताटात घातला. मग आजीकडे बघत तशीच थांबली. खुंटीवरचा काठ आईच्या हाताशीच होता. आईनं पाण्याचा पेला उचलून तिच्या डाव्या अंगाला ठेवला.

"सांडू नोको," ती म्हणाली.