मुलाखतीत सांगितलेली कोकरांची अदलाबदल

मंडळी, आज परभणीत नोकरीची मुलाखत दिली. शेवटी साहेबांनी विचारलं, "टीममध्ये दोघांचं पटत नसेल तर काय कराल?"

पाठ केलेलं उत्तर बाजूला ठेवलं. मग घरी ऐकलेलं सांगून टाकलं.

निजामाच्या काळात वालूरच्या शिवारात दोन मेंढपाळ एकत्र मेंढरं राखायचे. चाऱ्यावरून बिनसलं आणि बोलणंच बंद झालं. त्यांच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यानं समजूत काढली नाही. मेंढ्या चरायला गेल्यावर त्यानं गुपचूप दोघांच्या कोकरांची अदलाबदल केली, याची त्याच्या अन् त्याची याच्या जाळीत, म्हणजे कोकरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात.

संध्याकाळी मेंढ्या परतल्या. कास भरलेली अन् पिल्लू सापडेना, लय ओरडायला लागल्या. शेवटी एकजण दुसऱ्याच्या जाळीपाशी गेला.

"आरं, लेकरं उपाशी हायत. सोड की."

"माझी बी तुझ्याकडंच हायत. चल, मिळून सोडू."

साहेब हसले. "मग पुढं टिकलं का?"

"टिकलं, सर. त्यातले एक माझ्या आईचे आजोबा, दुसरे बाबांचे."

नोकरीचं अजून काही कळलं नाही. पण बसमध्ये एकच विचार डोक्यात होता. ऑफिसातल्या अबोल्यासाठी कोकरं कुठून आणायची हो?