दाराखालची फट

पापडीच्या युजीन सुताराने उभा जन्म दारं करण्यात घालवला. भिंत गवंडी बांधतो, छप्पर आणखी कोणी घालतो, पण माणूस घरात शिरतो तो दारातूनच, हे त्याचं ठाम मत. त्यामुळे कोणाच्या लग्नाला गेला तरी नवरीच्या आधी त्याला चौकट दिसायची. देवळात फादरचं प्रवचन कितीही रंगात आलेलं असो, बाजूच्या दाराची बिजागरी कुरकुरली की युजीनची मान तिकडे वळलीच. त्याची बायको लूर्डस मग कोपराने ढोसायची. आता ढोसायला ती नाही, तीन वर्षं झाली. युजीन अडुसष्टचा झाला, गुडघे कुरकुरायला लागले, आणि त्यांना तेल घालून काही उपयोग होत नाही हे त्याने करून बघितलं.

घरात मुलगा शेल्डन, सून टिफनी आणि नात शॅनन, वीस महिन्यांची. टिफनी बोरिवलीच्या एका इस्पितळात नर्स. बाळंतपणाची रजा संपली, पुढे बिनपगारी घेतली तीही संपली, आणि मोठ्या सिस्टरचा निरोप आला: सोमवारपासून ये, पण पहिला महिना रात्रपाळी. जमत असेल तर रविवारपर्यंत कळव, नाहीतर जागा दुसरीला देते.

सगळं गाडं अडलं होतं शॅननच्या झोपेवर. पोर आईच्या कुशीशिवाय डोळा मिटत नसे. शेल्डन कामावरून रात्री साडेनवाला येणार, आणि एकदा आडवा झाला की अंगावर माळा कोसळला तरी त्याला सकाळी कळणार. राहता राहिला युजीन. टिफनीने विचारायच्या आधीच तो बोलून बसला होता, "पोरीला मी बघतो." ते ऐकून आळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. पुरुषमाणूस, त्यातून सुतार, एवढीशी पोर रात्रभर सांभाळणार म्हणजे काय, पाळण्याला खिळे मारून ठेवणार? टिफनी हसली नाही. पण तिने हो सुद्धा म्हटलं नाही. घरी तीन वेळा करून बघितलं होतं. तिन्ही वेळा शॅनन आईच्या खोलीचं दार दोन्ही हातांनी बडवत राहिली, आणि पाच मिनिटांच्या आत टिफनीने ते उघडलं.

मग शेल्डनने तोड काढली. शनिवार-रविवार राजोडीला रिसॉर्टमध्ये जाऊ. नवी जागा असली की पोरीला दार ओळखीचं नसेल, आणि टिफनीला हवापालट होईल. आता पापडीहून राजोडी म्हणजे जेवण करून निघालं तर हात वाळायच्या आत पोचतो, तिथे हवा ती काय पालटणार? पण लग्नानंतर शेल्डनने आपणहून पहिल्यांदाच काही सुचवलं होतं, म्हणून कोणी मोडता घातला नाही.

खोल्या मोबाइलवर निवडायच्या होत्या. एक भली मोठी खोली, तिच्यात एकच भला मोठा पलंग. एक वरच्या मजल्यावरची, समुद्राकडे गॅलरी असलेली. एक बाहेर बैठक आणि आत निजायची खोली, अशी. आणि एक जोडखोली, म्हणजे दोन खोल्या नि मध्ये दार. चारही फोटोंत पलंगावर टॉवेलचे दोन हंस माना जुळवून बसलेले. युजीनने चष्मा लावून चारही बघितले आणि म्हणाला, हंस दाखवलेत, दार कुठे दाखवलंय?

मग त्याच्या शंका सुरू झाल्या. एकाच मोठ्या खोलीत पोर साडेसातला झोपली तर बाकीच्यांनी काय अंधारात बसून एकमेकांचे श्वास मोजायचे? गॅलरीच्या दोन गजांमध्ये अंतर किती, पोरीचं डोकं जाईल एवढं की नाही? न्हाणीघराची कडी आतून किती उंचीवर? बैठकीतून रस्त्यावर जायचं दार नि आतलं दार समोरासमोर आहे का? शेल्डन वैतागला. त्याने सरळ रिसॉर्टला फोन लावून बापाच्या हातात दिला. तिकडे खोल्या बघणारा धर्मा होता, तिथलाच, कोळीवाड्यातला. कड्या-बिजागऱ्यांची इतकी चौकशी ऐकून त्याला वाटलं, सरकारी तपासणी येतेय. तो प्रत्येक प्रश्नाला 'हो साहेब' म्हणाला, त्यातले निम्मे प्रश्न 'किती' असे होते.

शेवटी टिफनीने जोडखोली निवडली. मध्ये दार असलं म्हणजे मी हाकेच्या अंतरावर, ती म्हणाली. युजीनलाही पटलं. दारावर त्याचा विश्वास होता.

शनिवारी दुपारी पोचल्या पोचल्या युजीनने पिशवी ठेवली, भुईवर बसला, आणि मग चक्क चार पायांवर आला. धर्मा किल्ल्या हातात घेऊन बघतच राहिला. युजीन शॅननच्या उंचीवरून खोली बघत होता. तिथून सगळं वेगळं दिसतं. चहाच्या किटलीची वायर टेबलाखाली लोंबत होती, ती त्याने वर टाकली. टीपॉयची काच बरोबर पोरीच्या कपाळाला येत होती, तो टीपॉय बाहेर गेला. न्हाणीघराची कडी लहान हाताला पोचेल अशी होती, ती त्याने रुमालाने बांधून टाकली. तेवढ्यात शॅननला आजोबांचा घोडा झालेला दिसला, ती पाठीवर चढली, आणि तपासणी तिथेच संपली.

जेवणं झाली. शॅननची दुपारची झोप, म्हणजे पहिली परीक्षा. शॅनन आजोबांच्या गोष्टीत रमलेली बघून टिफनी मांजरीच्या पावलांनी पलीकडच्या खोलीत गेली आणि मधलं दार तिने लोटून घेतलं. युजीनने पडदे ओढले. खोली काळोखी झाली आणि त्या काळोखात एकच गोष्ट उजळ उरली: मधल्या दाराखालची फट. चांगली दोन बोटं रुंद. हल्ली फरशी पुसायला सोपं जावं म्हणून दारं अशीच लावतात.

शॅनन पलंगावरून उतरली, फटीपाशी जाऊन पोटावर झोपली आणि गाल फरशीला लावला. पलीकडे टिफनी दाराशीच उभी होती, ऐकत. तिच्या पावलांच्या दोन सावल्या फटीत दिसत होत्या.

"मम्मा पाय," शॅनन म्हणाली.

टिफनी हलली नाही. हलली असती तर सावली हलली असती. शॅननने चार बोटं फटीतून पलीकडे घातली. त्या बोटांना आईच्या पायाचा अंगठा लागला आणि ती खुदकन हसली. मग तिने अंगठा धरला, धरला तो सोडेना. वीस मिनिटं झाली. दाराच्या एका बाजूला आई ताटकळत उभी, दुसऱ्या बाजूला लेक पालथी, आणि आजोबा पलंगावर एकटे. शेवटी टिफनीला पायात गोळा आला, तिने पाय काढून घेतला, आणि मग जो हंबरडा फुटला तो किनाऱ्यावरच्या घोडेवाल्यांनीही ऐकला असेल. दार उघडलं.

पोरीला कडेवर घेऊन टिफनी खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, ते त्या दिवशीचं नव्हतं, वीस महिन्यांचं होतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "पपा, हे नाही जमणार. मी सिस्टरना फोन करून टाकते."

युजीन म्हणाला, "रविवार उद्या आहे."

एवढं बोलून तो बाहेर गेला. मनात त्याला लागलं होतं. बायका हसल्या त्याचं काही नाही, पण टिफनीने नोकरी सोडली तर ती आपल्यामुळे, कारण ज्याच्यापाशी पोर ठेवावी असं माणूस घरात नाही म्हणून. लूर्डस असती तर हा प्रश्न आलाच नसता. ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नव्हती, आणि कोणी बोलत नाही म्हणूनच ती त्याला सारखी ऐकू यायची.

धर्मा चादरी मोजत बसला होता. युजीनने त्याला बाकीच्या रिकाम्या खोल्या दाखवायला सांगितल्या. वरची, समुद्राकडची, अजून रिकामी होती. आणि मागे वाडीच्या टोकाला एक जुनी कॉटेज होती, ती धर्मा दाखवायलाच तयार नव्हता.

"काका, तिथून समुद्र दिसत नाय. मागे बोंबील वाळत घालतात. ड्रायव्हर लोकांना देतो आम्ही. पानी आहे, पन वास येतो."

युजीन गेला आणि दारातच थांबला. सागवानी चौकट, आणि खाली चांगला चार बोटं उंच उंबरठा. दार लावलं की केस शिरायला जागा नाही. आत खोली काटकोनात वळलेली. पुढच्या भागात मोठा पलंग, वळणाच्या आत एक लहान खाट. मध्ये दार नाही, पडदाही नाही, नुसतं वळण. पुढे दिवा लावला तरी आतल्या खाटेवर उजेड पडत नव्हता, आणि आत कोणी कूस बदलली तर पुढे ऐकू येत होतं. युजीनने चौकटीवर हात फिरवला. कोणाचं काम ते त्याला ओळखता आलं नाही, पण माणूस पोराबाळांचा असावा असं वाटलं.

परत येऊन त्याने टिफनीला सांगितलं की आपण खोल्या चुकीच्या निवडल्या. तू जवळ असावीस म्हणून मधल्या दाराची घेतली, आणि तू जवळ आहेस म्हणूनच पोर दार सोडत नाही. मी नि शेल्डन तिला घेऊन मागच्या कॉटेजमध्ये जातो, तू वर समुद्राकडच्या खोलीत एकटी झोप.

टिफनी म्हणाली, "आणि रडली तर मला कळणार कसं?"

"सोमवारी तू बोरिवलीला असशील. तिथून कुठली फट दिसणार आहे?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "आणि आजपर्यंत आपण तिचा डोळा चुकवून जात आलो, ते बंद. आज सांगून जा. दारातून, तिच्या देखत."

"रडेल ती."

"रडू दे. मी आहे ना."

टिफनीने नवऱ्याकडे बघितलं. शेल्डन म्हणाला की बोंबलाच्या वासाचं त्याला काही वाटत नाही. त्याचं मत कोणी त्या बाबतीत विचारलं नव्हतं.

संध्याकाळी लवकर जेवण उरकून सगळे कॉटेजमध्ये गेले. टिफनीने लेकीला झोपायचे कपडे घातले, पापा घेतला आणि उंबरठ्यावर उभं राहून सांगितलं की मम्मा कामाला जाते, सकाळी येते, आजोबा इथे आहेत. शॅननने शहाण्यासारखा हात हलवून बाय केलं. तिला वाटलं, हा खेळ आहे. दार लागलं. ते उघडेना तसं तिला कळलं की खेळ नाही, आणि तिने सूर लावला.

युजीनने तिला उचललं नाही की गप्प बस म्हटलं नाही. ती दाराशी गेली, खाली वाकून बघितलं, तिथे लाकूड होतं. तो तिच्या शेजारी भुईवर बसला. रोझरीची, म्हणजे संध्याकाळच्या जपमाळेची, वेळ झालीच होती, खिशात माळ होती, त्याने सुरू केलं. लूर्डस असताना रोझरी ती चालवायची आणि हा मागून पुटपुटायचा, अर्धा झोपेत. ती गेल्यापासून दोन्ही बाजू तोच म्हणतो. रोझरीचे पाच टप्पे, त्यांना रहस्यं म्हणतात. पहिल्या रहस्यात शॅननचं रडणं आजोबांच्या 'नमो मरिया'पेक्षा मोठं होतं. दुसऱ्यात दोघं बरोबरीत आले. दुसरं संपताना तिने आजोबांच्या हातातल्या माळेचं दुसरं टोक धरून ओढायला सुरुवात केली, आणि माळ ओढता ओढता रडायचं राहून गेलं. तिसऱ्यात युजीन तिला घेऊन वळणाच्या आत गेला आणि खाटेवर पडला. चौथ्यात तिने विचारलं, "मम्मा?" तो म्हणाला, "मम्मा कामाला. सकाळी येते," आणि जिथे थांबला होता तिथून पुढे म्हणू लागला. पाचवं रहस्य त्याने सगळं म्हटलं, पण ऐकायला कोणी नव्हतं. शॅनन झोपली होती, आणि पुढच्या पलंगावर शेल्डन तिच्याही आधी.

वरच्या खोलीत टिफनी चपला न काढता पलंगाच्या कडेला बसून राहिली. दहा वाजेपर्यंत. समुद्राकडे तिची पाठ होती. फोन वाजला नाही, कोणी धावत आलं नाही. मग जरा आडवी होते असं मनाशी म्हणाली, आणि डोळा उघडला तेव्हा खिडकीतून ऊन आत आलेलं. घड्याळात सव्वासात. वीस महिन्यांत पहिल्यांदा तिला कोणी उठवलं नव्हतं, आणि त्याचीच धडकी भरून ती जिना उतरून मागे धावली.

कॉटेजच्या पायरीवर युजीन बसला होता. त्याच्या मांडीवर शॅनन, हातात सोललेलं वेलची केळं, तोंडाभोवती अर्धं केळं. तिने आईकडे बघितलं, छान हसली, आणि पुन्हा केळ्याकडे वळली.

टिफनी पायरीवर बसली. इतक्या दिवसांची काळजी एका रात्रीत उतरली म्हणजे हलकं वाटायला हवं. वाटलंही. पण कुठेतरी बारीकशी कळ आली, ती कोणत्याही आईला येते. तिने केळ्याचा चिकटा पदराने, म्हणजे तिच्या ओढणीने, लेकीच्या गालावरून पुसला आणि सासऱ्याकडे न बघता विचारलं, "रात्री माझी आठवण नाही काढली हिने?"

"काढली की. दोनदा उठून विचारलं."

विचारलं होतं एकदाच, तेही झोपायच्या आधी. बाकीचं युजीनने आपल्या पदरचं घातलं. शेल्डन आतून काही सांगायला तोंड उघडणार होता, पण त्याला काय माहीत असणार, तो तर घोरत होता.

टिफनीने डोळे पुसले, फोन काढला आणि सिस्टरना लावला. सोमवारी रात्री आठला हजर होते, म्हणाली. घरी पोरीला कोण बघणार असं तिकडून विचारलं असावं, कारण ती जरा थांबली, आणि मग नेहमीच्या, कामावरच्या आवाजात म्हणाली, "आमचे पपा बघतात."