इंदूताईंचं धुवायचं राहिलेलं कंडिशनर

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या एका गल्लीत, देवळाला लागून, इंदूताई बारापात्रे यांचं घर. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं पार्लर. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि केस धुवायला कोपऱ्यात बेसिन. वर्ध्याची ही मुलगी लग्न होऊन इथे आली, तेव्हा यजमान वासुदेवराव रेल्वेत होते आणि रायपूर मध्य प्रदेशात होतं. मग छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झालं. भुवया कोरायला येणाऱ्या शेजारणींच्या जोडीला नव्या कार्यालयांत लागलेल्या मुली येऊ लागल्या. बहुतेकींची मागणी एकच: केस सरळ करून द्या.

इंदूताई ते काम मन लावून करत, कारण स्वतःच्या कुरळ्या केसांवर त्यांचा लहानपणापासून राग. शाळेत पोरी 'झिपरी' म्हणायच्या. लग्नानंतर त्यांनी घट्ट अंबाडा बांधला, तो पंचेचाळिशी आली तरी सासरी कोणी सुटलेला पाहिला नव्हता.

राज्याला चार वर्षं झाली, त्या नोव्हेंबरात एका दुपारी निधी आली. समता कॉलोनीत राहणारी, तेवीस वर्षांची, केस दाट आणि कुरळे. संध्याकाळी राज्याच्या वर्धापनदिनाच्या एका कार्यक्रमात तिला निवेदन करायचं होतं, तेही पहिल्यांदाच. घरची भाषा मराठी, पण ती उत्तर हिंदीतच द्यायची.

"आँटी, एकदम स्ट्रेट चाहिए. स्टेज पर जाना है."

इंदूताईंनी तिचं डोकं धुतलं, कंडिशनर चोळलं आणि लाईट गेली. टाकी सकाळीच तळाला लागलेली, आता मोटरही बंद. नळ दोनदा खाकरला आणि गप्प झाला. सासूबाई अंजनाबाईंनी आतून एक तांब्या पाणी आणून दिलं.

"एवढंच हाय बाई. बाकी प्यायचं."

तांब्याभर पाण्यात त्या केसांचं काय होणार? टाळू कशीबशी धुऊन निघाली, खालच्या केसांत कंडिशनर तसंच राहिलं. सरळ करायचं मशीनही चालणार नव्हतं. निधीचे डोळे भरून आले.

"आँटी, अब क्या होगा?"

"रडू नको वो पोट्टी. मले पाहू दे."

इंदूताईंनी जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा घेऊन केस नुसते दाबून टिपले. कंगवा लावला नाही. बोटांनी एकेक बट मोकळी केली आणि तिला अंगणात उन्हात बसवलं. तासाभराने निधीने आरशात पाहिलं. केस ना पिंजारलेले, ना चिकट. खांद्यावर गोल गोल, चमकदार वळणं.

"ये मेरे ही बाल हैं?" ती पुन्हा पुन्हा मान हलवून बघत राहिली.

आठवड्याने ती हसतच आली. "आँटी, वही वाला ट्रीटमेंट करो."

"कायचं ट्रीटमेंट? पाणी सरलं होतं बाई!"

"तो आज भी मत डालो पानी."

मग इंदूताईंनी हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला. पहिल्या रविवारी ओंजळभर कंडिशनर थापलं, तर दिवसभर डोकं चिकचिक. "काहून, तेलाची बाटली सांडली का?" वासुदेवरावांनी विचारलं. मग त्या कमी कमी करत गेल्या. शेवटी शेंगदाण्याएवढं पुरलं: ओल्या केसांना, फक्त खालच्या अर्ध्या भागाला, टाळूला अजिबात नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या केस मोकळे सोडून निघाल्या, तेव्हा अंजनाबाई दारातच थबकल्या.

"हे केस माह्या घरात इतकी वर्षं होते, अन् मले दाखवले नाहीत?"

वासुदेवराव चपला घालून सोबत निघाले. बायकांच्या हळदीकुंकवाला!

हुरूप वाढला आणि तिथेच इंदूताई फसल्या. एका साहेबांच्या पत्नी, शर्मिष्ठाबाई, सगळं ऐकून आल्या. केस पातळ, सरळ. इंदूताईंनी त्यांनाही तेच लावलं. वाळल्यावर केस कपाळाला असे चिकटले, जणू बाई नुकत्याच पोहून आल्या आहेत.

"चूक माही हाय, बाईसाहेब," इंदूताई लगेच म्हणाल्या. "तुमच्या केसांले हे झेपत नाही. बसा, आत्ता धुऊन देतो." दोनदा धुऊन त्यांनी केस पहिल्यासारखे हलके करून दिले. त्या दिवसापासून आधी बट चिमटीत धरून पाहायची, मगच हो किंवा नाही म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं.

शर्मिष्ठाबाई रागावल्या असतील असं वाटत होतं. महिन्याने त्या परत आल्या, सोबत भिलाईची भाची. पोरीच्या डोक्यावर कुरळ्या केसांचं नुसतं रान माजलेलं.

"माझं राहू द्या, हिचं बघा," त्या म्हणाल्या.

इंदूताईंनी एक बट चिमटीत धरली, बोटांत फिरवली आणि खुर्ची पुढे ओढली.

"हव, हिले चालते. बस पोरी."