गणपततात्यांचे चिंचोके

गणपततात्यांच्या खेळात पहिल्याच डावाला मी माझे दोन्ही बैल मारले. करंजी गावाच्या पुढं तात्यांनी मला एक हिरवं रान दाखवलं आणि विचारलं, "काय करशील?" मी म्हणालो, "सोडतो चरायला. फुकटचा चारा." तात्यांनी माझे दोन चिंचोके उचलले आणि बंडीच्या खिशात टाकले.

"मेले. पान्यावाचून खुरटलेली ज्वारी हुती ती. इख असतं तिच्यात."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण फुकट म्हटलं की माझं डोकं चालत नाही, हे आमच्या घरात सगळे जाणतात. पारावरचे लोक पोट धरून हसले आणि पुढं कैक दिवस मला 'ज्वारीवाले' म्हणत राहिले.

तात्या माझे चुलत चुलते. दरसाल ऊसतोडीला गाडी घेऊन प्रवरेकाठी जायचे, त्यामुळं वाट त्यांच्या पायाखालची. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि जोडीतला मागं उरलेला हरण्या बैल. रिकाम्या दिवसांत मारुतीच्या पारावर ते कोळशानं वाट काढायचे. एका टोकाला पाथर्डीच्या डोंगरातलं आमचं गाव, दुसऱ्या टोकाला कोल्हारची नदी. मधली गावं म्हणजे खडे, जनावरं म्हणजे चिंचोके, पाणी म्हणजे ज्वारीचे दाणे. ज्यानं त्यानं आपली जनावरं घेऊन निघायचं. वाटेत काय घडतं ते तात्या कवड्या टाकून ठरवत.

"आलास विहिरीवर. मालक आडवा उभा हाय. आता?"

"पाया पडतो त्याच्या."

"पड की. विहिरीला पानी न्हाई, पायाला काय येतंय?" तात्या मालकाचा आवाज काढून असं खवट बोलायचे की समोरचा खरोखर चिडायचा. एकदा तर आमचे शेजारी रामभाऊ त्या नसलेल्या मालकाला मारायला उठले होते.

तात्यांचे नियम दोनच. बसलेलं जनावर सोडून पुढं जायचं, हा एक. तो चिंचोका ते पाराखाली टाकत आणि कुणाला वाकून बघू देत नसत. दुसरा नियम पाण्याचा. "आदी मानूस, मग जनावर. मानूस पडला की समदी दावन पडली." कुणी दयेपोटी आपला दाणा बैलाला दिला, की तात्या त्याचा डाव तिथंच मोडायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि पारावरचं हसणं बंद झालं. कडबा संपला, छपरावरचं पाचट काढून जनावरांपुढं टाकलं, तेही संपलं. माझी बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. माझ्याकडं दोन खोंडं आणि एक गाय उरली होती. नदीकाठी उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, मिळेल, तिथवर पोचलो तर जनावरं जगतील, एवढंच समोर दिसत होतं. तात्यांनी आम्हाला पुन्हापुन्हा पारावर चालवलं. "हितं पोचत न्हाई त्यो रानात काय पोचंल?" म्हणायचे.

निघायच्या दिवशी बायको तात्यांना म्हणाली, "मामंजी, ह्यांना परत आना. ह्यांचं ध्यान ज्वारीकडं असतंय."

"आनतो. शब्द हाय माजा," तात्या म्हणाले.

शिमगा उलटला होता. तात्या, रामभाऊ आणि मी, जनावरं आणि रामभाऊंच्या गाडीत पाण्याचं टिपाड. करंजीच्या पुढं रान काळंठिक्कर, माझ्या मोहाला जागाच नव्हती. भरवशाची विहीर आटलेली निघाली. तेव्हापासून तात्या मापानं पाणी देऊ लागले. माणशी एक तांब्या, उरेल ते जनावरांत वाटायचं. स्वतःचा तांब्या घेऊन ते हरण्याच्या पलीकडं जात. आम्हाला वाटायचं, म्हातारा आडोशाला जाऊन पितो, त्याची सवय असेल.

वांबोरीच्या घाटाअलीकडच्या माळावर हरण्या बसला. रामभाऊंनी शेपटी पिळली, तरी हलेना. तात्या म्हणाले, "तुमी व्हा पुढं. आलोच ह्याला घिऊन."

थोडं गेल्यावर मी मागं पाहिलं. तात्यांनी हरण्याचं तोंड मांडीवर घेतलं होतं आणि आपला तांब्या ते त्याच्या जबड्यात ओतत होते. करंजीपासूनचं त्यांचं पाणी कुठं गेलं, ते मला तेव्हा कळलं. मी पळत परत गेलो.

"तात्या, नियम तुमचाच हाय. आदी मानूस."

"गप. दोन बैल ज्वारीत मारलेस, तू मला शिकवतोस?"

मी माझा तांब्या पुढं केला. त्यांनी तो हातानं मागं सारला. "पी तू. तुज्या बायकूला शब्द दिलाय."

हरण्या उठला. त्याच्या वशिंडावर हात ठेवून तात्या घाट उतरू लागले. मधेच म्हणाले, "आता विहीर येतीय. मालक आडवा आला तर मी बोलंन." अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. खाली लिंबाच्या झाडाशी ते बसले, ते पुन्हा उठले नाहीत. रामभाऊ वस्तीवरून पाणी घेऊन धावत आले. मी तात्यांच्या तोंडात घातलं, तर ते ओठाच्या कडेनं गळून गेलं. हरण्या शेजारी उभा राहून भिजलेली माती चाटत होता.

तिथल्याच ओढ्यात त्यांना अग्नी दिला. परमुलखात लाकडं रामभाऊंनीच मागितली. मग कोल्हार गाठलं. आमची सगळी जनावरं पोचली, हरण्यासुद्धा. पारावर असा डाव कुणालाच साधला नव्हता.

रामभाऊंना जनावरांपाशी ठेवून मी एसटीनं घरी सांगायला आलो. तात्यांच्या बंडीच्या खिशातले चिंचोके बरोबर आणले होते, ते बायकोच्या हातावर ठेवले. खडीनं तिची बोटं फुटलेली होती. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणालो, "मला एवढंच कळत नाही. ज्या माणसानं आम्हाला एक दाणा इकडचा तिकडं करू दिला नाही, त्यानं स्वतः असं का करावं?"

तिनं एक चिंचोका उचलून उलटासुलटा केला.

"खेळात बैल म्हंजी ह्यो हुता," ती म्हणाली. "ह्यो कदी मान वर करून बगतो का मानसाकडं?"