शेक म्हणजे गरम पाण्याची पिशवी नव्हे!

आमच्या आचोळ्याच्या घरी भेटायला येणाऱ्यांनो, हे वाचाच. नावं टॅग करत नाहीये, हे उपकार समजा.

बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाले, एक तर ऑपरेशन करून अन्ननलिका काढायची, नाहीतर केमो आणि रेडिएशन एकत्र घ्यायचं. त्रास दोन्हींत आहे, नीट विचार करून सांगा.

आज सकाळी राजोडीहून काका आले. चहा पिता पिता बोलले, "चाकू लागला की कॅन्सर पसरतो. नुसता शेक घ्या."

काका, रेडिएशनला लोक शेक म्हणतात म्हणून ती काय गरम पाण्याची पिशवी झाली? त्या शेकाने अन्ननलिका आतून सोलवटते, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. आणि चाकूने पसरतो हे तुम्हाला कोणी शिकवलं?

मीही इरेला पेटले, ऑपरेशनच करायचं म्हणून ओरडले.

बाबांनी पेजेची वाटी खाली ठेवली. "पानी पन उतरत नाय मला," ते म्हणाले, "आनि तुम्ही माझ्यासमोर माझाच निकाल लावताय?"

विचार करायला डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं. त्यांना काय हवंय, हे घरात कोणीच विचारलं नाही. मी धरून.

तुमच्या घरी विचारलं होतं?